दिलेलं विरजण

रविवारी सकाळी सव्वाआठ वाजता, मिरजेच्या शनिवार पेठेत, बाबालाल शिकलगार यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बायकोला सांगितलं, "मला आता तुमच्याबरोबर राहायचं नाही."

शिकलगारांना चहा हवा होता.

मुमताज शिकलगार तेव्हा भाकरी थापत होत्या. त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले आणि विचारलं, "काय म्हणालात?" शिकलगारांनी दोन्ही हात जोरजोरात हलवले, गळ्याकडे बोट दाखवलं आणि पुन्हा ओठ हलवले. गळ्यावरच्या पट्टीतून तेच वाक्य त्याच स्वच्छ, जाडसर आवाजात पुन्हा आलं. तिसऱ्या वेळी त्यांनी पट्टी उपटून ओट्यावर टाकली. त्यानंतर त्यांना आवाज उरला नाही. घशाच्या कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं होतं. तंबाखूचा आणि लांब पल्ल्याच्या ट्रकचा तो हिशेब होता, असं ते स्वतःच सांगत.

मुमताजने फोन लावला तो पद्मजा मगदूमला. स्वरयंत्र गमावलेल्यांच्या मंडळात पट्टीचं काहीही बिघडलं की आधी पद्मजाला विचारायचं, अशी रीत होती.

फोन पद्मजाच्या नवऱ्याने, भरत मगदूम यांनी उचलला. पत्नीचे सगळे फोन तेच उचलत.

"भाऊ, ताईंना द्या की जरा."

"ती ऐकतीय. स्पीकरवर आहे. बोला तुम्ही."

"बत्तीस वर्षं संसार केला ओ! ट्रकवर होते तवा महिना महिना तोंड दिसत नव्हतं, तवा न्हाई म्हणाले. आता घरी बसून माझ्या हातचं खायचं आणि वर म्हणायचं, तुमच्याबरोबर राहायचं न्हाई! आणि मला 'तुम्ही'? निकाहाच्या दिवशीबी कधी 'तुम्ही' म्हणाले न्हाईत!"

भरत हसले. "अहो वहिनी, मशीन आहे ते. पद्माचं म्हणणं आहे की पट्टी एकदा बंद करून परत चालू करा."

पद्मजा गच्चीच्या दारात ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी होती. तिने असं काहीच म्हटलं नव्हतं. चार्जरवरून काढलेली तिची पट्टी तिच्या हातात होती, अजून गळ्याला लावलेली नव्हती. वाक्य तिने फोनमधून ऐकलं, एकदाच. दुसऱ्यांदा ऐकायची गरज नव्हती. तिने पट्टी पुन्हा चार्जरवर ठेवली आणि कपडे वाळत घालायला गेली.

वाक्य तिचं होतं.

*

हनुवटीखाली, जबड्याच्या हाडाला धरून बसणारा बोटभर रुंदीचा लवचिक पट्टा, एवढीच ही पट्टी. माणसाचा आवाज स्वरयंत्रात तयार होतो. त्याचे शब्द मात्र घडतात जिभेवर, ओठांत, जबड्यात. स्वरयंत्र गेलं तरी हे बाकीचे कारागीर जागेवर असतात आणि बोलायची वेळ आली की कामाला लागतात. मेंदूकडून त्यांच्या स्नायूंना येणारे विजेचे बारीक झटके पट्टी टिपते. पट्टीतलं 'वाचा' नावाचं सॉफ्टवेअर त्या झटक्यांवरून शब्द ओळखतं आणि छोट्या स्पीकरमधून म्हणून दाखवतं. त्याआधी मंडळातली माणसं गळ्याला एक नळकांडं लावून बोलत. त्यातून दाढीच्या मशीनसारखा आवाज येई, आणि लहान मुलं घाबरून आईच्या मागे लपत.

झटके पुसट असतात, एकमेकांसारखे असतात. म्हणून 'वाचा' प्रत्येक माणसाकडून दोन गोष्टी शिकते. या माणसाच्या कुठल्या झटक्याचा कुठला उच्चार, ही पहिली. हा माणूस कशापाठोपाठ काय म्हणतो, ही दुसरी. मंडळात पहिलीला 'उच्चार' म्हणत आणि दुसरीला 'सवय'.

पद्मजाची 'वाचा' मंडळात सगळ्यांत चांगली निघाली, याचं कारण तिची नोकरी. सांगलीच्या एका दैनिकात बावीस वर्षं तिने मुद्रितशोधन केलं होतं. पट्टी एक शब्द चुकीचा बोलली की इतर लोक सोडून देत: समजलं ना, मग झालं. पद्मजा सोडत नसे. ती थांबे, चुकलेला शब्द फोनवर उघडे, दुरुस्त करी आणि मगच पुढचं बोले. पाहुणे खोळंबत, दूधवाला कंटाळून निघून जाई. दोन वर्षांत तिची पट्टी मिरजेची मराठी मिरजेसारखी बोलू लागली.

'वाचा' कुणाच्याच मालकीची नाही, असं मंडळात काही जण म्हणत. ते बरोबर नव्हतं. ती शेकडो जणांच्या मालकीची होती आणि त्या सगळ्यांनी ती खुल्या परवान्याखाली दिलेली होती. परवाना दीड पानाचा होता. कुणीही वापरावं, उघडून आत काय आहे ते बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. बदल स्वतःपुरते ठेवले तर कुणाला काही दाखवायची सक्ती नाही. दुसऱ्याला दिले तर मात्र त्यालाही हेच सगळे हक्क द्यायचे, आणि ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव कायम ठेवायचं. एकदा दिलेलं परत मागायची सोय परवान्यात नव्हती.

मंडळातल्या बायकांनी या दीड पानाला एक शब्द काढला होता: विरजण. शेजारणीला चमचाभर दही दिलं म्हणून आपलं पातेलं रिकामं होत नाही. तिने ते पुढे कुणाला दिलं तर आपण विचारत नाही. आणि कुठल्याही घरात लागलं तरी त्या दह्याला मूळ घराची चव राहते. नवा माणूस ऑपरेशन करून आला की जुन्यापैकी कुणीतरी त्याला आपल्या पट्टीतलं विरजण द्यायचं, अशी पद्धतच पडली.

पद्मजाने आपलं विरजण उन्हाळ्यात दिलं. देताना फोनवर प्रश्न आला होता: फक्त उच्चार द्यायचे, की सवयीसकट सगळं? शेजारी बसलेल्या शिकलगारांनी तेव्हा आपल्या नळकांड्यातून घरघरत सांगितलं होतं, "वहिनी, विरजण कुणी धुऊन देतं का? द्या तसंच." सगळे हसले. पद्मजाने 'सगळं' वर बोट ठेवलं. मंडळाने टाळ्या वाजवल्या. पुढे ते विरजण इचलकरंजीला गेलं, जयसिंगपूरला गेलं, बार्शीला, धारवाडच्या मराठी वस्तीत. प्रत्येक प्रतीच्या माहितीच्या पानावर ओळ होती: मूळ प्रत, पद्मजा मगदूम, मिरज. ती ओळ तिने बरेचदा उघडून पाहिली होती. बावीस वर्षांत पेपरात तिचं नाव एकदाही छापून आलं नव्हतं.

आता कपडे वाळत घालताना तिला आणखी एक ओळ आठवत होती. 'वाचा'च्या मदतपुस्तिकेतली: उच्चारमर्यादेखालील संकेतही अध्ययनासाठी वापरले जाऊ शकतात. म्हणजे, माणूस मनातल्या मनात बोलतो तेव्हाही त्याची जीभ कणभर हलते. पट्टी ते मोठ्याने म्हणत नाही, पण शिकून ठेवते. ही ओळ पद्मजाने वाचलेली होती. नुसती वाचली नव्हती, तिच्यातला एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून प्रकल्पाला कळवला होता. चूक दिसली होती. अर्थ डोळ्यांखालून गेला होता.

*

वर्षापूर्वी कोल्हापूरहून एका सहकारी संस्थेचा फोन आला होता. शाळेची पाठ्यपुस्तकं खुल्या परवान्याखाली काढायची, कुणीही छापावीत, कुणीही फुकट वाटावीत, असं त्यांचं काम. त्यांना भाषा तपासणारं माणूस हवं होतं. कार्यालयाच्या वर राहायला दोन खोल्या होत्या. फोन भरतने उचलला. "तिला प्रवास झेपत नाही हो. तिचं म्हणणं आहे की घरीच बरं." पद्मजा तेव्हा शेजारच्या खुर्चीवर बसलेली होती, पट्टी लावून.

भरत मगदूम वाईट माणूस नव्हते. ऑपरेशननंतर पद्मजाच्या गळ्याला श्वासासाठी भोक पडलं, त्यातली नळी रोज काढून धुवावी लागे. ते काम सहा महिने भरतने केलं, नाक न मुरडता. ते तिचं जेवण मिक्सरमधून काढत आणि चव बघून मीठ घालत. तिला आवाज नव्हता तेव्हा डॉक्टरांशी, बँकेत, लग्नाकार्यात तेच तिच्या वतीने बोलत. पुढे पट्टी आली आणि पद्मजाला आवाज मिळाला, पण भरतची सवय गेली नाही. ती तोंड उघडे तोवर त्यांचं वाक्य पूर्ण झालेलं असे. "तिचं म्हणणं आहे की..."

त्या फोननंतर पद्मजा गच्चीवर कपडे वाळत घालताना गळ्यात पट्टी असतानाच मनात एक वाक्य जमवू लागली. मला आता तुमच्याबरोबर राहायचं नाही. त्याच्यापुढे काय म्हणायचं ते तिला कधीच ठरवता आलं नाही. 'राग नाही' असं म्हणावं, की 'तुम्ही खूप केलंत', की 'शनिवार-रविवार येत जाईन'? रोज पुढचं वेगळं होई. पट्टी अशी बदलती वाक्यं विसरते. रोज जसंच्या तसं राहतं तेवढंच ती धरते. तिने पहिलं वाक्य तेवढं धरलं होतं.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरहून पुन्हा विचारणा आली, या वेळी लेखी आणि तिच्या नावाने. उत्तर सोमवारपर्यंत हवं होतं. पद्मजाने ठरवलं होतं की रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, भरतला सांगायचं. स्वतः, समोर बसून.

बादली रिकामी झाली होती तरी ती गच्चीवरच उभी राहिली.

"पद्मा, पट्टी लावली नाहीस?" भरत खालून ओरडले. "मंडळात जायचंय ना? मी सोडतो."

तिने मान हलवून नको सांगितलं. मग तिच्या लक्षात आलं, खालून त्यांना मान दिसत नाही.

*

मंडळाची बैठक किल्ला भागातल्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात अकरा वाजता भरली. वीसेक जण होते. एरवी तिथे कुणाचं कुणाला ऐकू येत नसे, इतकी सगळी एकदम बोलत. त्या दिवशी निम्म्यांनी पट्ट्या खिशात ठेवल्या होत्या. कुणी फोनवर लिहून दाखवत होतं. एका म्हाताऱ्याने जुनं नळकांडं शोधून आणलं होतं, आणि त्याची घरघर सभागृहभर फिरत होती.

प्रकार एव्हाना सगळ्यांना कळला होता. इचलकरंजीत एकाने डॉक्टरला ते वाक्य म्हटलं, बार्शीत एकाने सुनेला. धारवाडच्या एका शिक्षिकेने ते शनिवारीच अख्ख्या वर्गाला ऐकवलं, आणि वर्गाने रडायला सुरुवात केली.

"माझ्या सासऱ्यांना म्हटलं मी," एक तरुण बाई पट्टीतून जपून जपून म्हणाली. "ते म्हणाले, बरं, नको राहूस."

हशा झाला. ज्यांच्या गळ्यात पट्टी नव्हती ते खांदे हलवून हसले.

'वाचा'ची मराठी शाखा सांभाळणारी नेत्रा उपळावीकर कोल्हापूरहून गाडीने आली होती. ती अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवायची आणि हे काम सुट्टीत, विनामूल्य करायची. तिच्या चेहऱ्यावर झोप नव्हती.

"चूक आमची आहे, आधी ते सांगते," ती म्हणाली. "तुम्ही बोलायला सुरुवात केली आणि पट्टीतून आवाज आला, यात एका श्वासाचं अंतर पडायचं. फोनवर समोरच्याला वाटायचं, लाइन गेली. ते अंतर कमी करायला आम्ही शनिवारी नवी आवृत्ती दिली. ही आवृत्ती तुमचं वाक्य संपायची वाट बघत नाही. पहिल्या शब्दावरून पुढचं ओळखते आणि बोलून टाकते. 'मला' म्हटलं की तिला सवयीत जे सगळ्यांत पक्कं सापडतं, ते ती म्हणते."

"पण ही सवय कुणाची?" नळकांडंवाल्या म्हाताऱ्याने विचारलं. "आमची तर नव्हं."

नेत्राने कुणाकडेही पाहिलं नाही. "सवय विरजणातून आली. ती कुणाची, हे आज महत्त्वाचं नाही. जुनी आवृत्ती मी सकाळीच परत ठेवलीय. ज्यांना हवी त्यांनी घ्या, हे बंद होईल."

शिकलगार उठले. त्यांनी पट्टी लावली होती. बोलताना ते 'मला' हा शब्द टाळत होते आणि त्यामुळे त्यांची वाक्यं वाकडीतिकडी चालत होती.

"नेत्राताई, जुनं नको. शनिवारी रात्री लेकीशी बोललो, शारजाला. तीन वर्षांत पहिल्यांदा ती म्हणाली न्हाई, अब्बा, आवाज येत न्हाई. पाऊण तास बोललो, नशीब, तवा ते वाक्य आलं न्हाई. नातवाला गोष्ट सांगितली. ते परत घेऊ नका. तेवढं एक वाक्य काढा. न्हाईतर आमची बेगम आज जेवाय घालत न्हाई."

बहुतेकांनी माना डोलावल्या. वाक्य तेवढं काढा.

पद्मजा शेवटच्या रांगेत बसली होती. तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं, आणि हेच तिला सहन होत नव्हतं. तिचं नाव प्रत्येकाच्या फोनमध्ये होतं, माहितीच्या पानावर. उघडायला दोन बोटं पुरेशी होती. एक तर कुणी उघडलं नव्हतं, नाहीतर सगळ्यांनी उघडलं होतं.

*

बैठक संपल्यावर नेत्रा तिला व्हरांड्यात घेऊन गेली.

"काकू, मला कारण नको आहे. एकच सांगते. तुमच्या सवयीत हे वाक्य 'पाणी द्या'च्याही वर आहे."

पद्मजाने फोनवर लिहिलं: काढता येईल?

"एका ओळीत येईल. अडवायच्या वाक्यांची एक यादी असते, तीत हे टाकायचं. पण ती यादी उघडी असते, काकू. 'वाचा'चं सगळंच उघडं असतं. कोणतं वाक्य अडवलं, कोणाच्या प्रतीतलं, कधी, कुणी सुचवलं, हे कुणालाही कायम दिसणार. आपण झाकायला गेलो की झाकण दिसतं."

माझं नाव?

"नाव काढा अशी विनंती तुम्ही करू शकता. आम्ही आमच्याकडून काढू. पुढे ज्यांनी ज्यांना दिलं, त्यांनाही कळवू. ऐकतील तेवढे ऐकतील. परवाना रद्द मात्र होत नाही. आणि..." नेत्राने श्वास घेतला. "वाक्य अडवलं की ते सगळ्यांच्याच पट्टीत अडेल. तुमच्याही."

पद्मजाने फोन खाली घेतला. सकाळपासून तिला वाटत होतं की वाक्य नाहीसं व्हावं. नाहीसं होणं म्हणजे काय, ते आता कळलं. दुपारी समोर बसून ती भरतला सांगायला लागेल, आणि तिच्या गळ्यातून काहीच येणार नाही.

"तुमची संमती लागेल," नेत्रा म्हणाली. "ज्याच्या प्रतीतून काही काढायचं, त्याने होकार द्यायचा, असा आमचा नियम आहे. तुमच्या खात्यावर विनंती पाठवते. घाई नाही. पण लोक थांबलेत. आणखी एक आहे, ते तुम्ही बघायला हवं."

तिने आपला फोन पुढे धरला. प्रकल्पाच्या चर्चेच्या पानावर, वाक्य काढा म्हणणाऱ्या नोंदींच्या रांगेत, जयसिंगपूरहून आलेली एक नोंद होती. नाव नव्हतं.

"ते वाक्य काढू नये. माझ्या पट्टीने काल संध्याकाळी ते घरात म्हटलं. मी म्हटलं नव्हतं. पण मी दुरुस्तही केलं नाही."

पद्मजाने ती नोंद दोनदा वाचली. तिच्यात चूक नव्हती.

जिना उतरताना शिकलगार भेटले. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं.

"वहिनी, राग मानू नका," त्यांची पट्टी म्हणाली. "मी उन्हाळ्यात म्हणालो होतो, धुऊन देऊ नका. ती माझी चूक. आता एक सांगतो. मुमताजने सकाळी दोन तास शिव्या घातल्या. मग गप बसली. मग म्हणाली, खरंच तसं वाटतं का तुम्हाला कधी? असं तिनं कधी विचारलं न्हवतं."

पद्मजाने भुवया उंचावल्या. मग?

"मग काय? म्हटलं, बये, आधी चहा दे." ते हसले, खांद्यांनी. मग थांबले. "चहा पिताना म्हटलं, ट्रकवर होतो तवा वाटायचं. आता न्हाई. तर रडली. बायकांचं काय कळत न्हाई बघा." त्यांनी टोपी सारखी केली. "तुमचं तुम्ही बघा. माझ्याकडून कुणाला कळणार न्हाई."

*

घरी ती पोचली तेव्हा भरत जेवणाची ताटं धुऊन पुसत होते. तिचं ताट झाकून ठेवलेलं होतं. बैठकीत वेळ जाईल म्हणून ते आधी जेवले होते.

"ये. आमटी गरम करतो." त्यांनी तिच्याकडे पाठ केली. "तुझ्या टॅबलेटवर नेत्राची ती विनंती आली होती. वाचली मी. म्हटलं, तुला कशाला त्रास. लिहून टाकलं."

पद्मजा उभी राहिली. टॅबलेट टेबलावर होता, उघडा. आजारपणात तिचं खातं भरतच चालवत आणि त्याचा पासवर्ड पुढे कुणी बदलला नव्हता. पानावर नेत्राची विनंती होती, सरळ भाषेत: हे वाक्य पद्मजा मगदूम यांच्या प्रतीतल्या सवयीतून आलं आहे, ते अडवण्यास त्यांची संमती हवी. त्याखाली, पद्मजाच्या नावाने, उत्तर होतं: मान्य आहे. ताबडतोब काढावे.

म्हणजे त्यांनी वाचलं होतं. सगळं.

"मशीनचं काय," भरत गॅसकडे बघत म्हणाले. "इथलं तिथलं जोडतं. मिरजेत कुणाचं काय, इचलकरंजीत कुणाचं काय. तुझं नाव उगाच त्यात. नाव काढा, असंही लिहिणार होतो. म्हटलं, ते तुला विचारून."

त्यांच्या हातात एक वाटी होती. ती पुसून झाली होती. ते ती पुन्हा पुसू लागले.

उत्तराखाली नेत्राची नवी नोंद येऊन पडली होती: "काकू, हे तुम्हीच लिहिलंत ना? तुम्ही नेहमी 'काढावं' लिहिता, 'काढावे' नाही. तुमच्याकडून पुन्हा कळेपर्यंत बदल थांबवून ठेवते."

पद्मजाने टॅबलेट पालथा ठेवला. ती आतल्या खोलीत गेली, चार्जरवरून पट्टी काढली आणि आरशासमोर उभी राहून लावली. फोनवर तिने अंदाजाचं बटण शोधलं. ते बंद केल्यावर पट्टी पुढचं काहीच ओळखत नाही. माणूस जेवढा उच्चारेल तेवढाच शब्द, सुटा सुटा, श्वासाएवढं अंतर टाकून, सुरुवातीच्या दिवसांतल्या पत्र्यासारख्या आवाजात येतो. तिने बटण बंद केलं.

स्वयंपाकघरात येऊन ती टेबलाशी बसली आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"आमटी..." भरत म्हणाले.

तिने बोट तसंच ठेवलं.

ते बसले. वाटी त्यांनी मांडीवर धरली होती. खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"कोल्हापूरचं आहे का?" भरतने विचारलं. "त्यांचं पत्र बघितलं मी. उद्या उत्तर द्यायचंय. मी सांगतो त्यांना, की तू..."

पद्मजाने हात वर केला. तळवा त्यांच्याकडे करून, वाहतूक थांबवतात तसा. एवढ्या वर्षांत तिने असा हात कधी केला नव्हता. भरत थांबले, तोंड अर्धवट उघडं ठेवून.

तिने ओठ मिटले आणि उघडले. पट्टीने झटका टिपला.

"मला," पट्टी म्हणाली.

रविवारी दुपारी अडीच वाजता प्रकल्पाच्या पानावरचा बदल थांबवलेलाच होता. जयसिंगपूरच्या नोंदीखाली आणखी दोन नोंदी आल्या होत्या, दोन्ही बिननावाच्या, आणि दोन्हींत वाक्य ठेवावं असं म्हटलं होतं. प्रत किती जणांपर्यंत पोचली आहे, याचा आकडा नेत्रा उपळावीकर यांच्याकडे नव्हता. मिरजेत, मगदूम यांच्या घरी, दुसरा शब्द अजून यायचा होता. पद्मजाचे ओठ हलत होते. भरत मगदूम यांनी तोंड मिटलं होतं, आणि तो शब्द त्यांनी तिच्या वतीने पुरवलेला नव्हता.